रोहित पक्ष्यांचें छायाचित्र

हिवाळ्यांत ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हें मुंबईकरांस सांगावयास नको. या खाडीचा एक भाग २०१५ सालीं रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. परवां माझ्या एका स्नेह्यांनीं तेथील छायाचित्रें दाखविलीं. पक्षी मळकट, चौकटीच्या मधोमध बाहुलीसारखा उभा, आणि त्याच्या डोक्यांतून पलीकडचा विजेचा खांब उगवलेला! "कॅमेरा बदलूं काय?" असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "आधीं उभें राहण्याची जागा बदला."

होडींत शक्य तितकें खालीं बसून कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीस आणावा. दोन हात बाजूस सरकलें तरी खांब चौकटीबाहेर जातो. पक्षी ज्या दिशेस पाहतो तिकडे मोकळी जागा अधिक ठेवावी.

खरी फसगत होते ती प्रकाशाची. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक प्रामाणिक खरा, पण मंदबुद्धि! समोरचें सारें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे, असें तो धरून चालतो. म्हणून फिकट आकाशापुढें पांढुरका थवा असला कीं तो उजेड घटवितो व पक्षी मळके दिसतात. तेथें आपण सुमारें एक स्टॉप वाढवावा. काळ्या चिखलांत एकटाच पक्षी उन्हांत उभा असेल तर याच्या उलट करावें. नाहीं तर पिसें कोरीं पांढरीं होतात, आणि कोरा झालेला भाग मागाहून कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं. अंधारलेला पुष्कळसा येतो.

घरीं संगणकावर कडा कापाव्या, क्षितिज सरळ करावें. रंग मात्र जपून! रोहिताचा गुलाबीपणा त्याच्या अन्नांतून येतो, आणि लहान पक्षी करडेच असतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनें आपल्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेंतील २०१७ सालचें एक पारितोषिक पुढील वर्षीं काढून घेतलें. चित्रांतील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असें तज्ज्ञांचें मत पडलें. छायाचित्रकारानें तें नाकारलें.

आमच्या स्नेह्यांचें एक चित्र मात्र सुरेख होतें : उडता थवा. "नावाड्यास होडी थव्यांत घालावयास सांगितली," असें ते ओशाळून म्हणाले. चरतां चरतां उठविलेल्या पक्ष्यांची उपासमार त्या चित्रांत दिसत नाहीं, एवढेंच. भरती चढूं लागली कीं चिखल बुडतो आणि पक्षी आपण होऊन किनाऱ्याकडे सरकतात. येत्या रविवारीं आम्ही दोघे भरतीचें वेळापत्रक पाहून तेथें जाऊन बसणार आहों.