फोटोतली फटफटी कोणती?

दोस्तांनो, तुमच्या घरात माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची ट्रंक आहे का? असली तर आईला विचारून एकदा उघडून बघा. लग्नपत्रिका, पिवळी पडलेली प्रगतिपुस्तकं आणि त्यांच्या खाली कागदात गुंडाळलेले काळे-पांढरे फोटो हमखास सापडतील.

विरार पूर्वेचं फुलपाडाच घ्या ना. जीवदानीच्या डोंगराकडची ही वस्ती. इथल्या चाळींत आणि सोसायट्यांत कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. सामानाबरोबर त्यांचे जुने फोटोही इथे आले. समजा, अशाच एका फोटोत तुमचे पणजोबा खाकी गणवेशात एका फटफटीशेजारी ऐटीत उभे आहेत. घरात सगळे म्हणतात, "ही पणजोबांची बुलेट!" पण ती खरंच बुलेट आहे का? चला, आपण गुप्तहेर होऊ या. साहित्य फक्त तीन: भिंग, वही आणि पेन्सिल.

फटफटी हवी कशाला?

दुसरं महायुद्ध चाललं १९३९ ते १९४५. भारतीय सैन्यात त्या वेळी सुमारे २५ लाख माणसं भरती झाली होती. आपल्या मराठा पलटणी आफ्रिकेत इरिट्रियात आणि युरोपात इटलीत लढल्या. इतक्या मोठ्या फौजेत निरोप पोचवायचे कसे? टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटत. वायरलेसवरचं बोलणं शत्रूच्या कानी पडे. मग कागदावरचा हुकूम पिशवीत घालून एक जवान फटफटीवरून निघायचा. त्याला म्हणत 'डिस्पॅच रायडर'. रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून दिव्यावर झाकण घालून, चिखला-खड्ड्यातून त्याला गाडी हाकावी लागे. जिथे चाक जात नसे तिथे पायी निरोप्या धावायचा. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव असेच निरोप्याचं काम करत होते!

पहिली खूण : मागचं चाक

भिंग घ्या आणि आधी मागच्या चाकाकडे पाहा. तिथे शॉकअ‍ॅब्झॉर्बर दिसतात का? दिसत असतील तर फोटो बहुधा युद्धानंतरचा. आपल्या लष्करात बुलेट आली ती १९५०च्या दशकात. मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली १९५५ साली. त्या बुलेटला मागे शॉकअ‍ॅब्झॉर्बर होते. युद्धकाळातल्या ब्रिटिश लष्करी फटफट्यांना मागे काहीच नसे. चाक थेट सांगाड्यात घट्ट बसवलेलं. खड्ड्याचा दणका झेलायला सीटखालच्या दोन स्प्रिंगा तेवढ्या! म्हणजे बघा, एका खुणेवरूनच 'बुलेट की नाही' याचा बराचसा निकाल लागतो.

दुसरी खूण : पुढचा चिमटा

आता पुढच्या चाकाचा फोर्क बघा. दोन्ही बाजूंना पट्ट्यांचा त्रिकोणी सांगाडा आणि मधोमध, दिव्याच्या आसपास, एकच जाड स्प्रिंग दिसली तर तो 'गर्डर' फोर्क. त्या काळी बहुतेक ब्रिटिश लष्करी गाड्यांना तोच असे. पण आजच्या मोटरसायकलीसारख्या दोन सरळ गुळगुळीत नळ्या दिसल्या आणि मागे शॉकअ‍ॅब्झॉर्बर नसले, तर कान टवकारा! ती 'मॅचलेस जी-३ एल' असू शकते. ३५० सीसीची ही गाडी १९४१ पासून सैन्यात आली आणि मऊ चालीमुळे स्वारांची लाडकी झाली.

तिसरी खूण : इंजिन

इंजिनाचे सिलिंडर मोजा. दोन असतील आणि इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे तिरके असतील, तर गाडी अमेरिकन. मोठी दणकट हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए, नाहीतर तिच्याहून लहान इंडियन ७४१. दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंना आडवे बाहेर आलेले असतील, तर ती बहुधा जर्मन बनावटीची.

एकच उभा सिलिंडर असेल तर गाडी ब्रिटिश समजा. आता त्याच्या बाजूला नीट बघा. सिलिंडरच्या कडेने वरपर्यंत एक-दोन बारीक नळ्या गेल्यात आणि माथ्यावर पेटीसारखं झाकण आहे? मग ते 'ओव्हरहेड व्हॉल्व्ह' इंजिन. झडपा माथ्यावर, म्हणून त्यांना हलवणारे दांडे त्या नळ्यांतून वर जातात. नळ्या नाहीत, माथा बसका आणि पंख्यांच्या पट्ट्यांसारखा सपाट? मग ते 'साइड व्हॉल्व्ह'. झडपा सिलिंडरच्या शेजारीच, म्हणून वर काही न्यावंच लागत नाही.

गर्डर फोर्क आणि ५०० सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, अशी जोडी जुळली की उरतात मुख्यतः दोन नावं : बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच. युद्धात एम-२० सुमारे सव्वा लाख बनल्या, तर नॉर्टन जवळजवळ एक लाख. दोघींच्या इंजिनाच्या उजव्या झाकणाचा आकार वेगळा आहे. ओळखीचा फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिलं की फरक कळतो.

चौथी खूण : तेलाची टाकी

ही खूण मजेदार आहे. बहुतेक ब्रिटिश गाड्यांत इंजिनाचं तेल सीटखालच्या वेगळ्या टाकीत असे, उजव्या बाजूला. पण रॉयल एन्फील्डचं तेल इंजिनाच्या पोटातच राही. म्हणून सीटखाली तेलाची टाकी नसेल, तर फोटोतली गाडी रॉयल एन्फील्ड असण्याचा संभव दांडगा. पण तीसुद्धा युद्धकाळातली सैनिकी एन्फील्ड, बुलेट नव्हे!

पाचवी खूण : रंगवलेल्या निशाण्या

पेट्रोलच्या टाकीवर 'सी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसला तर फारच छान. ब्रिटिश युद्धखात्याने मोटरसायकलींना दिलेलं ते अक्षर. मडगार्डवर चित्र आहे का तेही बघा. गरुड असेल तर चौथी भारतीय डिव्हिजन. बाण असेल तर सातवी. तीन पानांची चित्रं असतील तर आठवी, आणि आठवी म्हणजे इटली! इंजिनाने गाडी सांगितली, पण ती कुठल्या मुलखात धावली ते हे चित्र सांगतं.

हँडलच्या मुठीही पाहा. १९४२ साली जपानने मलाया जिंकला आणि ब्रिटनचं रबर आटलं. मग बऱ्याच गाड्यांच्या मुठींना रबराऐवजी कापड आलं.

थांबा, घाई नको!

एक लक्षात ठेवा. फटफटीशेजारी उभं राहिलं म्हणजे ती आपली होत नाही. दोस्ताच्या गाडीशेजारी फोटो काढायची हौस तेव्हाही होतीच की! शिवाय युद्ध संपल्यावर लष्कराने पुष्कळ गाड्या विकून टाकल्या, त्या साध्या माणसांनीही घेतल्या. म्हणून अंगावरचा गणवेश, खांद्यावरची पट्टी, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का हे सगळं एकमेकांशी जुळतं का, ते तपासा. फोटो उलटाही छापला गेलेला असू शकतो. या एका सिलिंडरच्या ब्रिटिश गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असे. तो डावीकडे दिसला तर समजून जा.

पलटणीचं नाव कळलं की आई-बाबांच्या मदतीने तिच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्रात पूर्ण नाव, गाव आणि मिळाला तर सैनिक क्रमांक द्या. जुन्या पेन्शन-पुस्तकावर किंवा पदकाच्या कडेवर तो कोरलेला असू शकतो.

आणि हो, फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. नावं हलक्या हाताने पेन्सिलीने लिहा. मोबाइलवर एक प्रतही काढून ठेवा.

सगळ्यात आधी मात्र घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ जाऊन बसा. फटफटीचं नाव भिंगाने सापडेल, पण शेजारी उभा असलेला दुसरा जवान कोण, हे त्यांनाच आठवत असेल. ट्रंकेतला कागद आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण त्यांची आठवण आज विचारली तरच मिळेल. मग येत्या रविवारी विचारणार ना?