पिछाडीचे हत्यार

ओहायो राज्यातील डेटन शहरी माझा मुक्काम असताना शेजारचे एक वयोवृद्ध निवृत्त यंत्रकारागीर दरवर्षी हिवाळा सरता सरता आपली जुनी ‘एम-१ कार्बाइन’ खोलून साफ करण्याचा शिरस्ता पाळीत. तो विधी पाहण्यास त्यांनी एका दुपारी मला बोलाविले आणि मॅगझिन काढून, नळीत काडतूस नसल्याची डोळ्यांनी व बोटानेही खातरजमा केल्यावरच ती माझ्या हाती दिली.

प्रथम प्रत्यय आला तो तिच्या लाघवाचा. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पायदळाची मुख्य बंदूक, गॅरँड, साडेनऊ पौंडांची. ही जेमतेम सव्वापाच. मोर्टारवरचे गोलंदाज, मोटारी हाकणारे, तारायंत्रे सांभाळणारे, मुदपाकखान्यातले आचारी, दफ्तरातले कारकून, म्हणजे मराठ्यांच्या लष्करात ज्यांतील बहुतेकांची गणना बिनीत नव्हे, तर बुणग्यांत झाली असती, अशांच्या खांद्यास भार होऊ नये, परंतु प्रसंगी पिस्तुलापेक्षा दूर व अचूक मारा त्यांना करता यावा, या हेतूने १९४१ च्या ऑक्टोबरात हिला सरकारी मंजुरी मिळाली होती.

गृहस्थांनी नळीवरच्या कड्याचा स्क्रू सैल केला, कडे पुढे सरकविले, वरची लाकडी पट्टी काढली आणि नळी दस्त्यातून अलगद उचलली. तिच्या पोटाशी एक इवलासा दट्ट्या होता. गोळी सुटताना वायूचा अल्पांश त्याला सुमारे एक अष्टमांश इंच ढकलतो, आणि तेवढ्या ठोशाने सरकता दांडा बोल्टसह मागे जाऊन रिकामे काडतूस फेकतो व परतताना नवे आत घेतो. ही युक्ती डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची. एका डेप्युटी शेरीफच्या हत्येबद्दल उत्तर कॅरोलायनात कैद भोगताना त्यांनी तुरुंगातच बंदुका घडविल्या होत्या. संपूर्ण कार्बाइन मात्र विंचेस्टर कारखान्यातील अनेक हातांनी जुळविली.

भिंगातून पाहता सुट्या भागांवर निरनिराळ्या कारखान्यांची अक्षरे दिसली. टंकलेखन यंत्रांचे अंडरवुड, नाणे टाकताच गाणे वाजविणाऱ्या पेट्यांचे रॉक-ओला, हिशेबयंत्रांचे आयबीएम आणि याच डेटनमधील जनरल मोटर्सचे इनलँड, अशा कारखान्यांनी विंचेस्टरसह मिळून साठ लाखांहून अधिक कार्बाइनी तयार केल्या, आणि एकाचा भाग दुसऱ्याच्या बंदुकीत बसावा असा दंडक होता. ज्यांचा पेशा शस्त्रे घडविण्याचा नव्हता त्यांनी, ज्यांचे मुख्य काम लढण्याचे नव्हते त्यांच्यासाठी, हे हत्यार घडविले!

पुढे कोरियाच्या युद्धात मात्र ते पिछाडीपुरते राहिले नाही. तेथे तिची स्वयंचलित बहीण ‘एम-२’, तीस काडतुसांच्या मॅगझिनसह, आघाडीच्या शिपायांच्या हाती होती, आणि कडाक्याच्या थंडीत ती अडते, तिची ११० ग्रेनची हलकी गोळी शत्रूला थोपवीत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. पुष्कळसा दोष, मला वाटते, हत्याराचा नव्हे, नेमणुकीचा होता.

तेलाचा हात फिरवून सर्व भाग जागच्या जागी बसले. शेवटी गृहस्थांनी तेलाची धातूची कुपी दस्त्यातील खाचेत सारली आणि तिच्याभोवतीच खांद्याचा पट्टा ओवला; कारण पट्ट्याचे मागचे टोक अडकविण्यास या हत्याराला त्या कुपीवाचून दुसरी खुंटीच नाही.