ताऱ्यांचा कारखाना का मंदावला?

विशेष प्रतिनिधी, वसई

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर अमावास्येच्या रात्री उभे राहिले, तरी शहराच्या दिव्यांमुळे आकाशगंगेचा पट्टा दिसणे आता कठीणच. जे तारे दिसतात, ते विश्वाच्या भरभराटीच्या काळातले नव्हेत. नवे तारे जन्मण्याचे प्रमाण आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी शिखरावर होते. आज ते जेमतेम एक दशांश उरले आहे. असे का झाले, याचा महत्त्वाचा धागा पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील दुर्बिणीने दिला.

तारा जन्मतो तो रेण्वीय हायड्रोजनच्या ढगात. हायड्रोजनचे सुटे अणू धुळीच्या कणांवर एकत्र येतात आणि त्यांच्या जोड्या जमतात. अशा ढगांचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वायू इतका थंड असल्यानेच गुरुत्वाकर्षण त्याला आकुंचित करू शकते. उष्ण वायू त्यास दाद देत नाही. मात्र इतक्या थंडीत हा रेणू स्वतः जवळजवळ काहीच प्रकाश देत नाही. म्हणून त्याच्या सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडच्या लहरींवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. प्राचीन दीर्घिकांत हा वायू आजच्यापेक्षा बराच अधिक होता, हे अशा निरीक्षणांतून दिसले.

परंतु एवढ्याने कोडे सुटत नाही. वसई-विरारकरांना हे वेगळे सांगायला नको! इमारतीची टाकी आज भरलेली आहे, यावरून सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणात किती पाणी आहे, ते कळत नाही. रेण्वीय वायू ही टाकी, तर अणुरूप हायड्रोजन हे धरण होय.

या धरणाची पातळी मोजणे फार अवघड. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची अतिक्षीण रेडिओ लहर सोडतो. आठ अब्ज वर्षांच्या प्रवासात विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणून जवळपास दुप्पट लांब होते. एकेका दीर्घिकेचा संदेश तर ऐकूच येत नाही. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून त्यांची सरासरी काढली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी त्यासाठी कामी आली. हे संशोधन ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांचे निधन त्याच्या आदल्याच महिन्यात झाले होते.

निष्कर्ष चकित करणारा होता. त्या दीर्घिकांत अणुरूप वायू मुबलक होता, पण ताऱ्यांची निर्मिती इतकी वेगवान होती की तो साठा एक ते दोन अब्ज वर्षांतच संपला असता. आजच्या दीर्घिकांना आपला साठा अनेक अब्ज वर्षे पुरतो. म्हणजे बाहेरून नव्या वायूची भर पुरेशी पडली नाही आणि कारखाना मंदावला.

ही भर का आटली, याचा शोध सुरू आहे. एकेका दूरस्थ दीर्घिकेतील वायू मोजण्यासाठी दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' उभारला जात असून, त्यातील भारताच्या सहभागास जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.