बरं असताना लिहून ठेवायचा कागद

मानसोपचाराच्या ओपीडीत हे दृश्य नेहमीचं. पेशंट समोर बसलेला असतो, पण प्रश्न शेजारच्या भावाला विचारले जातात. झोपतो का? गोळ्या वेळेवर घेतो का? चिडचिड कमी झाली का? भाऊ उत्तरं देतो, चिठ्ठी लिहून होते आणि ज्याचा आजार आहे तो एक शब्द न बोलता उठतो. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. बाहेर रांग मोठी असते. पण भास थांबले, झोप लागू लागली, की माणूस पूर्ण बरा झाला असं होत नाही. कामावर परतणं, आपले पैसे आपण सांभाळणं, आपल्याविषयीच्या निर्णयात आपला शब्द चालणं, हेही बरं होण्यातच येतं.

आजार उसळतो तेव्हाही हा शब्द टिकावा, म्हणून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये एक सोय आहे: अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह, म्हणजे आगाऊ निर्देश. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, तरी अनेक घरांना या कागदाची कल्पना नाही.

कोणतीही सज्ञान व्यक्ती तो लिहू शकते. आधी आजार झालेला असो वा नसो. त्यात तीन गोष्टी येतात: माझ्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं.

समजा, एका शिक्षिकेला बायपोलर आजार आहे. सध्या ती बरी आहे, शाळेत जाते. ती लिहिते: ‘सलग दोन रात्री झोप उडाली आणि मी भराभर खरेदी करू लागले, तर माझ्या डॉक्टरांना फोन करा. मागच्या वेळी एका इंजेक्शनने माझा जबडा आखडला होता, मान वाकडी झाली होती. ते पुन्हा नको. त्याचं नाव खाली दिलं आहे. भरती करावं लागलं, तर रोज एकदा मुलीशी फोनवर बोलू द्या. माझ्या वतीने धाकट्या बहिणीने बोलावं.’ ही बहीण तिची नामनिर्देशित प्रतिनिधी. तिची संमती त्यासाठी लागते. असं कुणाचं नाव दिलेलं नसेल, तर ही जबाबदारी आधी नातेवाइकांकडे जाते, मग त्यांचं आणि पेशंटचं पटत असो वा नसो.

हा कागद एरवी लागू होत नाही. उपचारांबद्दल निर्णय घेण्याची क्षमता गेली, की तो लागू होतो आणि ती परत आली, की थांबतो. तो कधीही बदलता किंवा रद्द करता येतो. डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पाळायचा नसेल, तर या कायद्याखालील मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी तातडीचे उपचार करावे लागले, तर मात्र त्यांना हा निर्देश लागू होत नाही. असे उपचार ७२ तासांपर्यंतच चालतात.

एक काळजी घ्यायला हवी. गरजेच्या वेळी कागद डॉक्टरांच्या हाती पोचवणं ही लिहिणाऱ्याची आणि त्याच्या प्रतिनिधीची जबाबदारी आहे. प्रत मिळालीच नाही, तर तो न पाळल्याचा दोष डॉक्टरांवर येत नाही. म्हणून एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला, एक प्रतिनिधीकडे आणि एक घरात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.

हाच कायदा दवाखान्यातून घरी परतण्याच्या वाटेचाही विचार करतो. डिस्चार्जनंतरचे उपचार कसे, कुठे चालू राहतील, हे डॉक्टरांनी पेशंटशी बोलून ठरवायचं असतं. केवळ कुटुंब नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. समाजात राहणं हा त्या व्यक्तीचा हक्क आहे.

कागद लिहिण्याची योग्य वेळ म्हणजे आजार आटोक्यात असतानाची एखादी निवांत दुपार. घरच्यांनी सोबत बसावं, आठवणी जुळवायला मदत करावी, पण वाक्यं पेशंटची असू द्यावीत. आणि पुढच्या वेळी ओपीडीत भावाला प्रश्न आला, तर त्याने एवढंच म्हणावं, ‘त्यालाच विचारा ना, डॉक्टर.’ औषधांनी जीभ जड झालेली असते, उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं.