नीलगिरी : तेव्हाची आणि आताची

हप्ते, व्याज, कर्जफेड हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज आम्ही एका फार मोठ्या खरेदीचा हिशेब मांडणार आहोत, युद्धनौकांचा. साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. तेव्हा हा पैसा आपलाही आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली ‘नीलगिरी’ १९७२ साली नौदलात आली. वजन सुमारे ३,००० टन, लांबी ११३ मीटर. ती १९९६ साली निवृत्त झाली. मग त्याच गोदीने त्याच नावाची नवी नौका बांधली. ती १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. तिचं वजन ६,६७० टन, लांबी १४९ मीटर. वजन दुपटीहून जास्त, पण माणसं कमी! जुनीवर अडीचशेच्या वर माणसं होती, नवीवर सव्वादोनशेच्या आसपास. मग एवढी जागा खाल्ली कोणी?

यंत्रांनी. लांबून येणारं क्षेपणास्त्र वेळेत दिसायला रडार उंच बसवावं लागतं. वर वजन वाढलं की नौका डोलते, म्हणून खालून ती रुंद करायची. रडारला वीज लागते, म्हणजे जनरेटर मोठे. ती यंत्रं तापतात, म्हणून ती थंड ठेवायची वेगळी व्यवस्था. आपली क्षेपणास्त्रं उभी ठेवायला डेकखाली खोल जागा हवी, हेलिकॉप्टरला छप्पर हवं. एक वस्तू आली की तिच्यामागे चार येतात.

आणि किंमत लोखंडाची नसतेच फारशी. घर बांधताना भिंती उभ्या राहतात तेव्हा वाटतं, झालं आता. खरा खर्च पुढे, वायरिंग, नळ, फरशीत निघतो. नौकेचंही तसंच. नव्या नीलगिरीसारख्या ७ नौकांचा खर्च सुमारे ४५,००० कोटी रुपये, म्हणजे एकीला सहा हजार कोटींच्या वर.

अमेरिकेत तर हे हाताबाहेर गेलं. ‘झुमवॉल्ट’ नावाच्या ३२ विनाशिका बांधायचं ठरलं होतं. खर्च वाढत गेला आणि शेवटी झाल्या ३. संशोधन धरून २,२०० कोटी डॉलरच्या वर पैसे गेले. तिच्या तोफेला खास गोळा लागायचा. नौकाच तीन, तर गोळे किती घेणार? एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली आणि गोळे घेणंच बंद झालं. आपण गटाने मिळून किराणा भरतो तेव्हा स्वस्त पडतो ना, त्याच्या बरोबर उलट!

गटात कर्ज देताना आपण विचारतो, एक भारी म्हैस घ्यायची की चार शेळ्या? म्हैस दूध जास्त देते, पण ती आजारी पडली की सगळा हप्ता अडतो. एप्रिल २०२२ मध्ये रशियाची ‘मोस्कवा’ ही मोठी नौका युक्रेनच्या दोन क्षेपणास्त्रांनी बुडाली. काळ्या समुद्रातल्या त्यांच्या ताफ्याची ती प्रमुख नौका होती. तिची जागा घ्यायला तिथे दुसरी तशी नव्हती. आम्हाला तर त्या खलाशांच्या आया आठवतात.

म्हणून मोठ्या नौका नकोतच का? तसं नाही. भर पावसाळ्यात खोल समुद्रात आठवडेच्या आठवडे राहणं लहान बोटीचं काम नव्हे. पण किनाऱ्याजवळ पाणबुडी शोधायला सहा हजार कोटींची नौका कशाला? त्यासाठी नौदल ७७ मीटरच्या लहान नौका घेत आहे. अशा १६ नौका मिळून साधारण १२,६०० कोटींच्या, म्हणजे एक आठशे कोटींच्या आत. त्यांतली पहिली जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झाली. नाव आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचं, ‘अर्नाळा’.