मागणीवाचून घडलेले शिल्प

कवीचे काम दौत-टाकावर भागते. पण संगमरवराची शिळा आणि ब्राँझचे ओतकाम यांसाठी कोणाची तरी तिजोरी उघडावी लागते, आणि ती उघडणारा बहुधा स्वतःचा किंवा आपल्या कुळाचाच पुतळा मागतो. व्हिन्चेन्झो वेला या शिल्पकाराने आयुष्यभर अशा मागण्या पुरवल्या. परंतु त्याचे खरे मोठेपण, ज्यासाठी कोणी छदामही देऊ केला नव्हता, अशा एका शिल्पात आहे.

वेला १८२० साली लिगोर्नेत्तो या खेड्यात जन्मला. गाव स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातले. त्यामुळे दप्तरी तो स्विस, पण भाषेने, शिक्षणाने आणि अंतःकरणाने इटालियन. घरच्या दारिद्र्यामुळे बालपणीच तो दगडाच्या खाणीत राबू लागला, आणि हातच्या कौशल्याच्या बळावर मिलानच्या ब्रेरा अकादमीत पोहोचला. मिलान त्या काळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. साखळदंड तोडून, हाती खंजीर घेऊन पायऱ्या उतरणारा गुलाम स्पार्टाकस त्याने घडवला, तेव्हा त्यातील इशारा इटालियन माणसाला समजावून सांगावा लागला नाही. १८४८ च्या उठावात वेला स्वतःही लढला. पुढे ऑस्ट्रियन सत्तेखालील अकादमीने देऊ केलेला सन्मान त्याने नाकारला, त्याची परिणती १८५२ मध्ये हद्दपारीत झाली, आणि तुरीनने त्याला अध्यापकपद देऊन आसरा दिला. मुलाचे नाव त्याने स्पार्ताको असेच ठेवले.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या ‘नेपोलियनचे अखेरचे दिवस’ या शिल्पाने कीर्ती मिळवली. येथे घोडा नाही, तलवार नाही. खुर्चीत खिळलेला एक रुग्ण, गळ्याशी उघडा सदरा, मांडीवर पांघरूण आणि त्यावर पसरलेला युरोपचा नकाशा, एवढेच.

त्याच सुमारास तो गावी परतला. उत्तरेस आल्प्सच्या पोटातून गोथार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८७२ पासून दहा वर्षे खोदला जात होता. मजूर बहुतेक इटालियन. सुमारे दोनशे जण त्या कामात दगावले, आणि १८७५ च्या संपात सैनिकांच्या गोळ्यांनी चौघांचा बळी घेतला. बोगदा खुला होताच अभियंते व भांडवलदार यांचा जयजयकार झाला; वेलाने मात्र ‘श्रमाचे बळी’ हे उत्थित शिल्प प्लास्टरमध्ये घडवले. मेलेल्या सोबत्याला डोलीवर घालून मजूर चालले आहेत. कोणी आक्रोश करीत नाही, कोणी आकाशाकडे पाहत नाही. खांद्यावरच्या भाराने माना तेवढ्या वाकल्या आहेत. भार कसा उचलतात, हे खाणीत वाढलेल्या हाताला शिकवावे लागले नव्हते.

वेला १८९१ मध्ये वारला, तोवर हे शिल्प प्लास्टरमध्येच होते. त्याचे ब्राँझ पुढे ओतले गेले. बोगद्याच्या दक्षिण मुखाशी, आयरोलो स्थानकाजवळ, १९३२ साली ते मजुरांचे स्मारक म्हणून उभे राहिले.