एक गीता, अनेक लेखण्या
फरीदाबादेतील मराठी मुलांना रसग्रहण शिकविणाऱ्यांनी, ज्या हरियाणात आपण राहतो त्याच मुलखातील कुरुक्षेत्राशी निगडित असलेल्या गीतेवर मराठीत किती परींनी लिहिले गेले, हे अवश्य दाखवावे: ज्ञानदेवांनी १२९० साली ओवीबद्ध भाष्य रचले, विनोबांनी ‘गीताई’त समश्लोकी अनुवाद केला, आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी मीमांसकांच्या कसोट्या लावून, प्रारंभी धनुष्य टाकणारा अर्जुन अखेरीस युद्धास सिद्ध होतो, या दाखल्यावरून ग्रंथाचे तात्पर्य कर्मपर ठरविले. (ही छाननी मला कसलेल्या वकिलाच्या कैफियतीसारखी वाटते.) मुलांकडून आधी भावानुवाद, मग असा पुराव्यानिशी युक्तिवाद, निरनिराळ्या पानांवर लिहवून घ्यावा. सारांश मात्र सर्वांत शेवटी. तो शाळेने पुरेपूर घोटवून घेतलेलाच असतो.